मल्हारी, तुला घोड्यावर बसवलंय

मल्हारी, तुला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही आणि तेवढ्यात तुला घोड्यावर बसवलंय. थट्टा करत नाही. धारूरच्या पाथरवटाच्या अंगणात काळ्या दगडाची एक शिळा आडवी टाकलेली आहे. तिच्यावर घोडा आहे, घोड्यावर तू आहेस, तुझ्या एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात तलवार. मिशा तर अशा पिळदार की सख्ख्या आईला ओळख पटू नये. मी बघितलं आणि तिथल्या तिथं थुंकलो. पाथरवट बिचारा दचकला. म्हणाला, "मास्तर, माझ्यावर कशापायी चिडता? देशमुखांच्या वाड्यावरनं सांगितलं तसं काढलं. वीर म्हणल्यावर घोडा लागतोच म्हणे."

घोडा! आणि तुला! हैदराबादेत टांग्याच्या घोड्याने तुझ्या शेरवानीची बाही चावली, तेव्हापासून तू टांग्यात पाय ठेवला नाहीस. स्टेशनापासून बोर्डिंगपर्यंत माझी ट्रंक दोघांनी मिळून उचलून न्यायची आणि मी वाटभर तुला शिव्या घालायच्या, हे ठरलेलंच. तू म्हणायचास, "मेंढरू चावत न्हाई बे. घोड्याच्या मनात काय हाय, काय सांगावं?" एवढ्या मोठ्या शहरात तुला भीती वाटली ती फक्त घोड्याची. प्रोफेसरांची वाटली नाही, पुढं गावाकडं तालुकदाराची वाटली नाही. आणि आता ऊन असो पाऊस असो, तुला घोड्यावर बसून राहायचंय.

उद्या ती शिळा तुझ्या गावात उभी करणार आहेत. आबासाहेब देशमुखांच्या हस्ते. हो, त्याच आबासाहेबांच्या. हार, नारळ, शेंदूर, ताशे, सगळा थाट. आणि मी, दत्तू मास्तर, तुझा बोर्डिंगातला जोडीदार, धारूरच्या सरकारी शाळेत पोरांना इतिहास शिकवणारा, मी तिथं 'चार शब्द' बोलायचे असं वाड्यावरून फर्मान आलंय. शब्द कोणते तेही कारभाऱ्याने सांगून टाकलं. आबासाहेबांनी तुझ्यातली हुशारी ओळखली, आबासाहेबांच्या आश्रयाने तू विद्यापीठात गेलास, आणि अखेरपर्यंत तू वाड्याचाच माणूस होतास.  सकाळपासून टाक हातात धरून बसलोय, त्यांच्यासाठी एक अक्षर उमटत नाही. म्हणून तुलाच लिहितोय.

वाड्याचा माणूस म्हणे! तुला कोणी शिकवलं हे मला ठाऊक नाही होय? तुझ्या बापाने शिकवलं, ज्याला स्वतःची सही येत नव्हती. "पोरगं मेंढरांमागं लावायचं सोडून साळंत घालतोय," म्हणून तुमचेच लोक त्याला हसले. तू बीडहून औरंगाबादेला गेलास, ते शिक्षण उरकून गावाहून हैदराबादेला निघालास, आणि घाटनांदूरला गाडीत माझ्यासमोर येऊन बसलास. मी दिंद्रुडच्या आडत्याचा पोरगा. माझ्याजवळ ट्रंक, गादी, लाडवांचा पितळी डबा. तुझ्याजवळ एक घोंगडं. त्याला मेंढरांचा असा उग्र वास होता की मी नाकाला उपरणं लावलं. तू शांतपणे म्हणालास, "थंडी वाजायला लागली म्हंजी वास यायचा बंद होईल." विकाराबाद यायच्या आत मी त्या घोंगड्यात होतो आणि माझे लाडू तुझ्या पोटात होते.

विद्यापीठात तू इतिहास घेतलास. मीही घेतला, पण माझं कारण साधं होतं. मला गणिताचा मनस्वी कंटाळा. तुझ्या बापाला मात्र कळेना हे काय खूळ आहे. सुट्टीत मी तुमच्याकडं आलो होतो तेव्हा त्याने माझ्यासमोरच तुला विचारलं, "इतिहास म्हंजी काय असतं रं?" तू म्हणालास, "मागं काय झालं ते." म्हातारा विचारात पडला. "ते तर होऊन गेलं की. त्याला आता शिकायचं काय ऱ्हायलं?" आपण दोघं पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर मला खरंच उत्तर सुचलं नाही. तुलाही त्या दिवशी सुचलं नाही, उगाच फुशारकी मारू नकोस.

तुझं उत्तर मला पुढच्या खेपेला वर्गात मिळालं. आपले उस्ताद एका बादशहाची गोष्ट रंगवून रंगवून सांगत होते. लढाई हरल्यावर तो तंबूत एकटाच बसला, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि लहान मुलासारखा रडला. सगळा वर्ग गहिवरला. आणि मागच्या बाकावरून तू उठलास. रुमी टोपी तिरकी, शेरवानी दुसऱ्याची, आणि तुझी ती आपल्याकडची दख्खनी. "हुजूर, अकेलाच था तो देखा कौन?" वर्ग फुटला हसून. नवाबांची पोरं बाकं बडवायला लागली. मला वाटलं, मेला आता हा. उस्ताद तुझ्याकडं बघत राहिले, मग हातातलं पुस्तक मिटून म्हणाले, "सामने आके बैठो." त्या दिवसापासून तू पहिल्या बाकावर, आणि तुझ्यामुळं मीही.

बोर्डिंगात मी तुला विचारलं की हे तुला सुचलं कुठून. तेव्हा तू मेंढीच्या कानाची गोष्ट सांगितलीस. मला ती तुझ्या तोंडून ऐकल्यासारखीच आठवते. "उन्हाळ्यात पाणवठ्यावर दोन कळप आले का मेंढरं मिसळतेत. मग तकरार. ह्यो म्हणतो माझी, त्यो म्हणतो माझी. छाती बडवतेत, पोराची आण घेतेत, रडतेत बी. बाप माझा कोणाचंच ऐकत न्हाई. मेंढी धरतो अन् कान बघतो. आमच्या मेंढराच्या डाव्या कानाला दोन खाचा, एक मोठी, एक बारकी. हायेत तर आमची, न्हाईत तर न्हाई. बाप म्हणतो, तोंडाकडं बघू नका, कान बघा." एवढं सांगून तू घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलंस. मी चार मोठी पुस्तकं वाचून जे शिकलो नव्हतो ते तू मेंढरांत शिकून आला होतास. आणि उद्या मी लोकांना सांगायचं की तुला वाड्याने शिकवलं.

तू एम.ए. होऊन परत आलास तेव्हा गावाने तुला विचारायचा प्रश्न एकच होता. आता काय मिळणार? मला तर तो प्रश्न इतक्यांदा विचारला गेलाय की ऐकला तरी डोकं उठतं. वकिली शिकला असता तर वकील झाला असता, डाक्तरी शिकला असता तर डाक्तर. इतिहास शिकून माणूस काय होतो? तू हसून म्हणायचास, "काही होत न्हाई काका. कोणी थाप मारली तर वळखू येती, एवढंच." लोकांना वाटायचं तू विनोद करतोयस. धारूरच्या शाळेत तुझी नेमणूक जवळजवळ ठरली होती, माझ्याच शेजारच्या वर्गावर, आणि मी तर डबा एकत्र खायचं झाडसुद्धा बघून ठेवलं होतं.

आणि मग जिल्ह्याच्या मोठ्या अंमलदाराचा, तालुकदार साहेबांचा दौरा आला.

तुझ्या गावच्या वेशीजवळचा तो दगड. लोक त्याला 'दादा' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर खाऊन खाऊन असा फुगलेला की वर नुसतं एक तोंड दिसायचं आणि मधे एक मोठा फुगवटा. तो फुगवटा म्हणजे घोडा, असं सगळं गाव म्हणायचं. घोड्यावरचा वीर म्हणजे देशमुखांचा मूळ पुरुष, किल्ल्याच्या लढाईत पडलेला, असंही म्हणायचं. म्हणून दसऱ्याला पहिला शेंदूर देशमुखांच्या हातचा. तुमच्या लोकांनी मेंढा आणायचा, आणून द्यायचा आणि रस्त्याच्या पलीकडं उभं राहायचं. का, म्हणून कोणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा लहानपणी तिकडंच उभा राहिला होतास.

आबासाहेबांना साहेबासमोर घराण्याचं मोठेपण मांडायचं होतं. त्यांनीच तुला बोलावणं धाडलं. "मल्हारी, तू एवढा शिकलास. दगड जरा साफसूफ कर आणि साहेबाला उर्दूत समजावून सांग." तू म्हणालास, शेंदूर काढावा लागेल. ते म्हणाले, काढ. हे तेव्हा तिथं बसलेल्या सगळ्यांनी ऐकलंय, मीही ऐकलंय. तू आठवडाभर गोडं तेल आणि चिंध्या घेऊन बसलास. एका दुपारी शेंदराची खोळ सुटून आली, अख्खीच्या अख्खी. मग तू खालची माती उकरलीस. मी तिथंच होतो. खालच्या चौकटीत ओळीनं गायी. एकीनं मान मागं वळवलेली. मधल्या चौकटीत एक माणूस, पायी, हातात धनुष्य, दंडाला ढाल. वरच्या चौकटीत तो महादेवाच्या पिंडीसमोर हात जोडून बसलेला, आणि वर चंद्रसूर्य. तो फुगवटा होता त्या माणसाची ढाल आणि मातीच्या वर उरलेलं एका गायीचं वशिंड. घोडा? घोड्याचं शेपूटसुद्धा नाही.

तुझ्या तोंडावरचा तो आनंद! मी तुझ्या परीक्षेचा निकाल लागताना पाहिलाय तुला, तेव्हाही तू असा दिसला नव्हतास. "दत्तू, गुरं वळवून नेत होते बे कोणीतरी, अन् ह्यो सोडवायला गेला. पायी गेला. एकटा." तू त्या गायीच्या मानेवर अंगठा फिरवत बसलास. मी म्हणालो, "मल्हारी, हे साहेबाला सांगू नकोस." तू वर बघून म्हणालास, "मग काय सांगू?"

आणि सांगितलंसच. साहेब खुर्चीवर, आबासाहेब शेजारी जरीच्या पागोट्यात, सगळं गाव भोवती. साहेबाने विचारलं, "ये देशमुख साहब के बुजुर्ग हैं?" तू म्हणालास, "हुजूर, सनद कुछ नहीं. नाम भी नहीं लिखा. पत्थर देशमुखी से बहुत पुराना है. कोई गायें हाँक के ले जा रहा था, ये आदमी छुड़ाने गया और मारा गया." साहेब गायींकडं वाकून बघत राहिला. मग आबासाहेबांकडं वळून हसत म्हणाला, "अरे, तो ये चरवाहे निकले!" साहेबाला काय, देशमुखांना गुराखी म्हणून त्याने गंमत केली. पण आबासाहेबांच्या मानेची शीर मी उडताना पाहिली, आणि मला तेव्हाच कळलं की शाळेतलं ते झाड आता माझं एकट्याचं.

नेमणूक गेली. कोणी कागद पाठवला नाही, कोणी नकार दिला नाही, नुसती गेली. दगडाला पुन्हा शेंदूर लागला, आधीपेक्षा जाड. आणि गायींचं काय केलं? दगडाभोवती चुन्याचा ओटा बांधला, चांगला कमरेएवढा उंच, गायी आत गाडून टाकल्या. देवाची सोय म्हणून. त्या ओट्यावर बसून लोक आता पान खातात. मी त्या रस्त्याने जायचं सोडलंय. 

आपलं खरं भांडण त्याच्यानंतरचं. मी तुला काय काय नाही बोललो! म्हणालो, "नेमणूक हातात पडेपर्यंत थांबायचं होतंस. शाळेत दहा वर्षं पोरांना शिकवलं असतंस, पोरांनीच एक दिवस शेंदूर खरवडला असता." तू म्हणालास, "तेवढी वर्षं मी रोज खोटं बोललो असतो. मग पोरांनी माझं कशापायी ऐकलं असतं?" मी म्हणालो, "लोकांचा देव आहे तो, त्याला कशाला हात लावायचा?" तू म्हणालास, "मी देव काढून घेतला न्हाई. देशमुख काढून घेतला." यावर मी नुसता आवाज चढवला. आपण पुढं भेटलो की कुठूनही निघून तिथंच यायचो. तू मेलास आणि भांडण माझ्या अंगावर टाकून गेलास. आता तुझ्या बाजूनेही मलाच बोलावं लागतं, आणि तुझी बाजू दर वेळी जिंकते, हा आणखी वैताग.

देशमुखांची चीड समजते मला. सापाने चावलं तर सापाची किळस वाटत नाही, भीती वाटते. किळस येते ती तुमच्या-आमच्या लोकांची. ज्यांना तू सांगायला गेलास की बाबांनो, हा गुरं राखणारा आहे, तुमच्यातला असेल, निदान तुमच्यासारखा आहे, रस्त्याच्या पलीकडं उभं राहायचं कारण नाही. त्याच लोकांच्या कळपात त्या साली रोग आला. आणि तेच लोक तुझ्या दारात येऊन ओरडले, "तू दादाची कातडी सोलली, म्हणून मेंढरं मरायलीत." तुझ्या बापाचा सख्खा भाऊ त्यांच्यात पुढं होता. तू उलट मला म्हणालास, "भ्यालेत ते." मी नाही रे एवढा मोठ्या मनाचा. मी अजूनही त्या माणसाचा रामराम घेत नाही.

मग तू मेंढरांमागं गेलास. एम.ए. मेंढरांमागं. धारूरच्या बाजारात लोक तुला बोटं दाखवायचे. "इतिहास शिकला अन् ह्यो बघा कुठं पोचला." माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप मला तुझं नाव घेऊन दरडावायचे, "मास्तर, आमच्या पोराला असलं काही शिकवू नका." आणि तू घाटावरून खाली, खालून वर, कळपाबरोबर फिरत प्रत्येक गावच्या वेशीवर थांबायचास. कुठं दगड धुणं धुवायला टाकलेला, कुठं कोणाच्या उंबऱ्याला, कुठं शेंदराखाली. मेंढरं चरत, तू दगड बघत. सुट्टीत मी तुझ्याबरोबर यायचो. तू मला बघायला शिकवलंस, मल्हारी. हात कोपरातून वाकलेला आणि बांगड्या असल्या तर ती सती. खाली गायी असल्या तर गुरांसाठी मेला. खाली होडी असली तर पाण्यात मेला. आता मला कुठल्याही गावात शिरताना डोळे मिटून शिरता येत नाही, आणि त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ती रीतच नव्हती. आता मानतो, तर ऐकायला तू नाहीस.

शेवटचा आलो तेव्हा तू तापाने फणफणला होतास. झाडाखाली घोंगड्यात पडलेला, बाप आधीच गेलेला, तुझी माय उशाशी. आणि ऐन तापात तू मला काय सांगावं? की घाटनांदूरच्या वाटेला एक दगड आहे, त्यात माणसाच्या पायाशी कुत्रं कोरलंय, जाऊन बघ. "कुत्रासुद्धा काढलाय बे. कोणाला तरी वाटलं असंल, ह्यालाबी लोकांनी ध्यानात ठेवावं." मी म्हणालो, "गप पड, बरा हो, मग दोघं जाऊ." मला दुसरंच काहीतरी बोलायचं होतं. तू बरोबर होतास, एवढंच.  ते बोलायच्या ऐवजी मी तुझं घोंगडं नीट केलं आणि निघालो.

तू गेलास तेव्हा तुझ्या मातीला देशमुखांकडचं एक माणूस नव्हतं. मग आबासाहेबांना हे एकाएकी भरतं कशाने आलं? तर हैदराबादेत आपल्या उस्तादांना कोणीतरी कळवलं, आणि त्यांनी एका वर्तमानपत्रात तुझ्याबद्दल लिहिलं. की असा विद्यार्थी क्वचित मिळतो, की दगडांना बोलतं करणारा गेला. ते वर्तमानपत्र वाड्यावर पोचलं. आबासाहेब हल्ली जिल्ह्यात पुढारी म्हणून मिरवतात, परिषदांत खुर्ची मिळते. त्यांना आपल्या गावचा एक विद्वान हवाच होता, आणि मेलेला असला तर फारच उत्तम, कारण मेलेला तोंड उघडत नाही. लगेच शोकसभा. आबासाहेबांनी डोळ्याला रुमाल लावला. "मल्हारी मला पोटच्या पोरासारखा होता," असं म्हणाले. आणि ज्यांनी तुझ्या दारात येऊन शिव्या दिल्या होत्या त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझा चुलताही वाजवत होता. मी उठून बाहेर निघून गेलो.

काल मी मायकडं गेलो. म्हटलं, तिला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगावं. ती लोकर निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दगडावर काय काढलंय?"

"घोडा," मी म्हणालो.

"त्यो तर घोड्याला लई भ्यायचा," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तरी हात लोकरीत चालूच होता. "मास्तर, त्येंला म्हणावं, माझ्या लेकराला शेंदूर लावू नका. शेंदूर लागला का माणूस दिसंना व्हतो. त्योच म्हणायचा."

मी म्हणालो, "माय, ते माझं ऐकणार नाहीत."

"मग तुमी काय बोलणार हाव परवा? त्येंचंच?"

  तिने लोकर बाजूला ठेवली, डोक्यावर पदर घेतला, आणि म्हणाली, "चला. दगड दाखवा मला."

आम्ही धारूरला चालत आलो. पाथरवटाच्या अंगणात ती शिळेशेजारी बसली. घोड्यावरून हात फिरवला, मिशांवरून फिरवला. मग शिळेची डावी कड वरपर्यंत चाचपली आणि पाथरवटाला म्हणाली, "हितं खाच पाड. आरपार. एक मोठी, अन् तिच्याखाली एक बारकी."

पाथरवट घाबरला. "माय, आबासाहेब इचारतील की. काय सांगू?"

"सांग, धनगराच्या म्हातारीनं सांगितलं. त्येंला काय करायचं ते मला करतील. माझं मेंढरू हाय. चोरून नेलं तर नेलं, पर वळखू तर येईल."

त्याने छिन्नी घेतली. दगडाचा तुकडा उडून माझ्या पायाशी पडला. मी तो उचलून खिशात टाकला, आता समोर शाईच्या दौतीजवळ ठेवलाय. शेंदूर घोडा झाकील, तोंड झाकील, तलवार झाकील. कडेला आरपार पाडलेली खाच शेंदराने बुजत नाही, मल्हारी. जाड झाला तरी कडेचा आकार तोच राहतो. पुढं कधीतरी कोणीतरी येईल, मेंढरांतला असेल नाहीतर विद्यापीठातला, आणि विचारील की या वीराच्या दगडाला ही खाच कसली.

तर उद्या मला चार शब्द बोलायचे आहेत. हेच वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून, घोड्यापासून. आबासाहेब खुर्चीवर असतील, गाव भोवती असेल, तुमचे लोक बहुतेक रस्त्याच्या पलीकडं असतील. नोकरी जाईल हे मला कळतं. तुझी गेली तेव्हा मी तुला केवढं ऐकवलं होतं, आता तू नाहीस ते बरंच आहे, नाहीतर तू माझी कातडी सोललीच असतीस. माय म्हणाली आहे की ती मेंढरं घेऊनच येणार, ती सोडून येता येत नाही. पुढं बसणार आहे.

सगळं वाचून होईपर्यंत ते मला उभं राहू देतील असं वाटत नाही. मधेच कोणीतरी ओढून खाली बसवील, आबासाहेब उठतील, छातीवर हात ठेवून पुन्हा सांगतील की मल्हारी आमचा होता. तेव्हा मला एवढंच ओरडून सांगायला सवड मिळाली तरी पुरे आहे. तोंडाकडं बघू नका. कान बघा.